बोच

बशीर मुल्लांनी बादली टेबलावर ठेवली आणि वरचं ओलं फडकं काढलं. आत सहा मेलेले गोल्डफिश होते, मुठीएवढे, पांढरेशुभ्र, डोक्यावर लाल टोपी असलेले.

"परवापर्यंत ठणठणीत होते ओ मॅडम," ते म्हणाले. "खात होते, फिरत होते. काल आठ गेले, आज चौदा. पांढरे ठिपके नाहीत, पंख झडलेले नाहीत. काहीच नाही."

डॉ. उल्का शेणोलीकर सांगलीत माशांचा दवाखाना चालवत होत्या. रत्नागिरीला शिकून त्या इकडे आल्या, त्याला वीस वर्षं झाली होती. हौशी लोक काचेच्या टाकीतला एखादा मासा घेऊन येत. मिरजेजवळ दहा हौदांत रंगीत मासे वाढवणारे बशीरभाई मात्र जुने आणि मोठे गिऱ्हाईक होते.

उल्काबाईंनी माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर काचपट्टीच्या कडेनं खरवडला. कल्ल्याचा एक बारीक तुकडा कापला आणि दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. भिंतीवरच्या पडद्यावर चित्र उमटलं. कल्ल्याच्या लाल झालरीत चपटे, पारदर्शक कृमी दाटीवाटीनं वळवळत होते. प्रत्येकाच्या मागच्या टोकाला आकडे होते आणि ते मांसात रुतलेले होते.

बशीरभाई पडद्याकडे बघत राहिले. "हे किती दिवसांचं?"

"महिन्याचं तरी असेल."

"महिना?" त्यांचा आवाज चढला. "मॅडम, कृमी लागले की मासा अंग घासतो. दगडाला घासतो, हौदाच्या कडेला घासतो. माझा बापसुद्धा तेच बघून ओळखायचा. यातल्या एकानं घासलं असेल तर शपथ."

"पाण्यात काय घालता?"

"नेहमीचंच. मीठ, आणि निवळ."

"निवळ कधीपासून?"

"सगळेच घालतात की. दोन वर्षं झाली. मासे शांत राहतात, गिऱ्हाईक खूश असतं."

निवळ आठ वर्षांपूर्वी आलं, जिवंत मासे दूरवर नेताना ते धसक्यानं मरू नयेत म्हणून. ते भुलीचं औषध नव्हतं. निवळ घातलेल्या पाण्यातल्या माशाला स्पर्श कळे, थंडी कळे, कल्ल्यात रुतलेला आकडासुद्धा कळे. मेंदूत एक जागा असते. आलेल्या जाणिवेला ती बोच जोडते, हे वाईट आहे, यावर काहीतरी कर, असं सांगते. निवळ तेवढी एक जागा झाकून टाकी. मग जाणीव उरे, बोच जाई.

माणसांसाठी त्याच औषधाची, दंडावर चिकटवायची पट्टी निघाली ती त्यानंतर तीन वर्षांनी. आधी दातांच्या दवाखान्यात, मग परीक्षांच्या दिवसांत, मग घरात कुणी गेल्यावर. आताशा कचेऱ्यांमध्ये दुखवट्याच्या रजेच्या अर्जाबरोबरच पट्ट्यांचा डबा मिळे. लोक चौथ्या-पाचव्या दिवशी कामावर येत आणि नीट काम करत.

उल्काबाईंच्या डाव्या दंडावर अशी पट्टी अकरा महिने होती. त्यांचे पती अच्युत बॅडमिंटन खेळता खेळता कोसळले आणि तिथेच गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी पट्टी लावली, पाचव्या दिवशी दवाखाना उघडला. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. जेवण वेळेवर, झोप वेळेवर. दर सोमवारी जुनी पट्टी काढायची, नवी लावायची.

"ते पांढरे ठिपके असोत, उवा असोत की हे कृमी," त्या बशीरभाईंना म्हणाल्या, "बाहेर काही दिसायच्या आधी मासा अंग घासतो. आपल्याला कळायची तेवढीच एक खूण. निवळनं ती पुसली. कृमी वाढत गेले आणि मासा खात-फिरत राहिला. शेवटी कल्ले निकामी झाले, श्वास संपला."

"आता?"

"सगळ्या हौदांचं अर्धं पाणी बदला. निवळ बंद. आज कृमींचं औषध देते, पण ते अंडी मारत नाही. अंडी फुटली की आठवड्यानं परत द्यायचं, मग आणखी एकदा. हवा जोरात सोडा. एका हौदाची जाळी दुसऱ्यात घालू नका. आणि बशीरभाई, निवळ उतरलं की ते तडफडतील. घाबरू नका."

तिसऱ्या दिवशी बशीरभाईंचा फोन आला. ताबडतोब या म्हणाले. बाई गाडी काढून मिरजेला गेल्या.

हौदांत पाणी उकळत असल्यासारखं वाटत होतं. शेकडो मासे कडेवर अंग टाकत होते, उलटे होत होते, सिमेंटच्या भिंतीला कल्ले घासून तिरके उसळत होते. खवले सुटून पाण्यावर तरंगत होते. बशीरभाई मनगटापर्यंत हात पाण्यात घालून बसले होते, जणू हातानं काही थांबणार होतं.

"थोडं निवळ घालू का ओ? थोडंच. बघवत नाही."

"नको. कृमी सुटतायत. घासू देत त्यांना."

"दोन वर्षं मला वाटत होतं, माझे मासे सुखात आहेत." त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. "तुम्हाला काही होत नाही का हे बघून?"

"नाही," बाईंनी खरं ते सांगितलं. मग वाकून त्यांनी एक मासा जाळीत घेतला, कल्ल्याचं झाकण उचलून पाहिलं आणि परत सोडला. कल्ल्याला लाली येत होती. "हा जगेल," त्या म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सासरे, अण्णा, बाल्कनीत खुर्चीवर बसून मटार सोलत होते आणि रडत होते. ते रोजच रडत. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात हयात घालवलेला हा माणूस मुलगा गेल्यापासून कधीही, कशावरूनही रडे आणि रडता रडता हातातलं काम पुरं करी. पट्टी त्यांनी पहिल्याच दिवशी नाकारली होती. "माझा मुलगा गेलाय, दात नाही," असं ते पट्ट्या घेऊन घरी आलेल्या समुपदेशकाला म्हणाले होते.

"उल्का," आता ते म्हणाले, "डाव्या पायात चप्पल जात नाहीये गं."

"बरं," उल्काबाई म्हणाल्या आणि किल्ल्या खुंटीला अडकवायला वळल्या.

तिथेच त्या थांबल्या. मनात काही हललं म्हणून नव्हे. वीस वर्षांच्या सवयीनं एक प्रश्न आपोआप तोंडात आला.

"किती दिवसांपासून?"

"गणपतीच्या आधीपासून."

म्हणजे दीड महिना. त्यांनी खाली बसून अण्णांचा मोजा काढला. अण्णांना मधुमेह होता. अंगठ्याजवळची दोन बोटं काळीनिळी पडली होती, मधे जखम उघडी होती आणि तिच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. पंखसड लागलेल्या माशाच्या शेपटीची कड अशीच दिसते. ती त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू आली असती.

"अण्णा, सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की." अण्णांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तीनदा सांगितलं. तू बरं म्हणालीस."

त्यांना तिन्ही वेळा आठवल्या. पहिल्यांदा त्या कपडे वाळत घालत होत्या. दुसऱ्यांदा अण्णा दारातून घरात लंगडत आले होते. तिसऱ्यांदा जेवताना, वरणाची वाटी पुढे करताना. शब्द कानावर पडले होते, अर्थ कळला होता. मधुमेह, पाय, जखम, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. फक्त ते टोचलं नव्हतं.

त्याच रात्री इस्पितळात शल्यचिकित्सकांनी अण्णांची दोन बोटं काढली. पाय वाचेल की नाही, ते आठवड्याभरानं कळणार होतं.

"घरात वास नाही आला?" डॉक्टरांनी विचारलं.

"आला होता," उल्काबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दंडावरच्या पट्टीकडे. अलीकडे अशी माणसं त्यांच्याकडे बरीच येत असावीत.

इस्पितळाच्या बेसिनपाशी बाईंनी पट्टी सोलून काढली. खाली कातडीचा एक फिकट चौकोन होता. औषध अंगातून उतरायला आठ-दहा दिवस लागतात, असं डब्यावर लिहिलेलं होतं. त्यांनी आरशात पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली. काही झालं नाही. मग हात धुऊन त्या अण्णांजवळ जाऊन बसल्या.

चार दिवस त्या तशाच बसल्या. ड्रेसिंग बदलताना पाहत होत्या, जखमेचा रंग वहीत टिपत होत्या. बशीरभाईंचा निरोप आला, हौदांतली तडफड कमी झाली आहे, दोनशे गेले पण बाकीचे खायला लागले आहेत. त्यांनी उत्तर लिहिलं, दुसरा डोस चुकवू नका.

पाचव्या दिवशी सकाळी नर्स एक कागद घेऊन आली. लीना पिंटो तिचं नाव, बोलायला मऊ होती.

"मॅडम, दुखण्याचं औषध चालूच आहे. पण आजोबा सारखे रडतात, खात नाहीत. अशानं जखम भरत नाही. आज ते स्वतःच पट्टी लावा म्हणाले. घरच्यांची सही लागते."

उल्काबाईंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवली.

"थकलो गं," ते म्हणाले. "वर्ष होत आलं. आता पायही. थोडे दिवस लावू दे मला."

बाईंनी पेन घेतलं. माणूस थकलेला होता आणि त्याची जखम भरायला हवी होती. सही न करायला त्यांच्याकडे एकही सबळ कारण नव्हतं. तरी पेन कागदावर टेकलं नाही. आपलं बोट पेनावर पांढरं होईस्तोवर दाबलं गेलंय, हे त्यांना उशिरा दिसलं.

"एक विचारू?" अण्णा म्हणाले. "हे लावल्यावर अच्युत आठवतो ना?"

"आठवतो."

"पुसट नाही ना होत?"

"नाही. सगळं आठवतं. त्या दिवशीचा शर्ट आठवतो. तो कुठल्या कुशीवर पडला होता तेही."

अण्णांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नर्स कागद धरून उभी होती.

"मग उल्का," त्यांनी हळूच विचारलं, "नेमकं जातं तरी काय?"