सुसरस म्हणजे

२०१९ साल होतं ते. सुरतेत, नवागामच्या खोलीत दुपारचं ऊन उंबऱ्यापर्यंत आलं, की उषाबाई नातीसमोर मांडी घालून बसायच्या. उभा जन्म लूमच्या खात्यात, यंत्रमागांपाशी गेला, तिथेच कान गेले. खात्यातल्या त्या धडधडीत सगळे नुसते ओठ हलवून बोलत. आवाज काढून उपयोग काय? घरीही तीच रीत पडली. वर्षा आजीशी बोलायची ती बिनआवाजाचंच. नातीचा आवाज एकदा तरी कानी पडावा, एवढंच उषाबाईंचं मागणं उरलं होतं.

वर्षाला फोनवर इंग्रजी बोलायची नोकरी हवी होती. क्लासचे सर रोज एक अनवट इंग्रजी शब्द देत आणि वाक्यात वापरायला सांगत. त्या दिवशीचा शब्द होता सुसरस.

“म्हंजे काय व माय?”

“हळू सळसळ, आजी. रेशमाची, पानांची. कोणी वापरत नाही हा शब्द,” वर्षाचे ओठ म्हणाले.

“जवारीना पानंसमा वारा चालस ना, तसं.”

हे मात्र उषाबाईंना चक्क कानांनी ऐकू आलं. कोवळं, ओलसर. त्यांचे डोळे भरून आले.

“कितला गोड आवाज शे व तुना! अन् आपली अहिराणीमा बोलनी!”

वर्षा हसली. “चेष्टा करते का? मी आवाज काढलाच नाही. अन् मला कुठे अहिराणी येते?”

सून सुषमा, वर्षाची आई, पोळ्या लाटत होती. तिनंही काही ऐकलं नव्हतं.

ओठ दिसू नयेत म्हणून उषाबाईंनी डोळे मिटले. वर्षा कानाशी जीव खाऊन ओरडली. काही नाही.

मग तिनं तो शब्द नुसता ओठांनी म्हटला.

“झोपेल लेकरूना श्वास,” वर्षाच्या खांद्यामागून आलं. “तो बी सुसरसच.”

“आत्या, बंद करा हे,” सुषमा हातवारे करत सासूला म्हणाली. “पोरीची मुलाखत आहे. भलतं मागं लागायचं.”

उषाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग नातीकडे.

“आखो म्हन व माय.”

वर्षाचे ओठ अजून मिटलेलेच होते.

आवाज सुरू झाला.

तीन वर्षांनी उषाबाई गेल्या. बसल्या जागी, मान जराशी कलती, चेहरा तृप्त. सुषमा सुरतेतच गोडादऱ्याला राहायला गेली. वर्षाला ती नोकरी लागली, बढतीही मिळाली. फक्त फोन पहिल्यापासून तिनंच घेतलेला असला, तरी एखादं गिऱ्हाईक तिला मध्येच थांबवतं, म्हणतं, आधी बोलत होत्या त्या मॅडमना द्या ना, त्या छान समजावत होत्या.