टेपचं दुसरं टोक

घराचं माप घ्यायला दोन माणसं लागतात. एक टोक धरायला आणि एक आकडा वाचायला. हे तुम्हाला कुणी सांगत नाही, कारण हल्ली सगळ्यांकडे लेझर असतो. बटण दाबलं, भिंतीवर लाल ठिपका पडला, झालं. मीही घेतला. बायको गेल्यावर घेतला.

माझं काम घरांची किंमत ठरवण्याचं. विकणारा, घेणारा, बँक, कुणालाही अहवाल लागला की मी जातो, घर मोजतो, बघतो आणि लिहून देतो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ही माझ्याबरोबर यायला लागली. मी आकडा वाचायचा, हिने शून्याचं टोक धरायचं. "बाकीच्यांच्या बायका नवऱ्याबरोबर फिरायला जातात," ती म्हणायची, "मी भिंतीभिंतीने फिरते."

पण तिचा हात पक्का होता. जुन्या टेपच्या टोकाची कडी ओढून ओढून सैल होते. मग शून्य नेमकं कुठे सुरू होतं, याचा भरवसा राहत नाही. म्हणून ती कडी सोडून द्यायची आणि एक फुटाची रेघ भिंतीच्या कडेला लावायची. तिकडून हाक यायची, "एक सोडून!" मी आलेल्या आकड्यातून एक फूट वजा करायचो. इतकी वर्षं केलं की पुढे ते करावंही लागत नव्हतं. आपोआप व्हायचं.

ती गेली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, हाताखाली एखादा माणूस ठेवा ना."

"लेझर आहे की."

"लेझर चहा पितो का तुमच्याबरोबर?"

मी हसलो. माणूस ठेवला नाही.

लेझरचं घराबाहेर मात्र चालत नाही. उन्हात ठिपका दिसत नाही, आणि भिंत जिथे संपते तिथे तो पडायला समोर काही नसतं. बाहेरून टेपच लागतो. दुकानदाराने स्टीलचा पुढे केला. "हा घ्या साहेब, कितीही ओढा, ताणला जाणार नाही." ते खरं आहे. पण स्टीलचा टेप वाऱ्यात फडफडतो आणि एकदा मुडपला की तिथेच तुटतो. फायबरचा थोडा ताणतो, पण कोपऱ्यावरून मुकाट वळतो. बाजूची आणि मागची भिंत एका दमात मोजता येते. एकट्या माणसाला तोच बरा. मी नवा फायबरचा घेतला, मोठ्या रिळाचा, हँडल फिरवून गुंडाळायचा. टोकाला घट्ट नवी कडी. कडी जमिनीत ठोकलेल्या खिळ्यात अडकवायची आणि चालू लागायचं. शून्य म्हणजे शून्य. वजा काही करायचं नाही.

तर ते घर. गल्लीच्या शेवटी, उतारावर, एकटंच. मालकीणबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. थोरल्या भावाबरोबर तिथे राहायच्या. भाऊ वारल्यावर त्या भाचीकडे गेल्या आणि घर विकायला काढलं. त्यांनी फाटकाशी मला किल्ली दिली.

"तुम्ही येता ना आत?" मी विचारलं.

"नको. मी इथेच बरी. आमच्या घरात बघण्यासारखं काही नाही हो, सगळं जुनंपानं."

दुपार होती. आत बंद घराचा वास होता, ओल आणि न वाळवता घडी घातलेले कपडे. लेझरने खोल्या पटापट झाल्या. बाहेर आलो. पुढची भिंत मोजली. मग बाजूच्या भिंतीच्या सुरुवातीला खिळा ठोकला, कडी अडकवली आणि रीळ उलगडत निघालो. कोपऱ्यावरून वळलो आणि मागच्या भिंतीच्या टोकाला जाऊन थांबलो. इथून खिळा दिसत नव्हता. दिसत होता फक्त कोपरा आणि त्याच्या गिलाव्याला टेकून वळलेला पिवळा टेप.

मी टेप ताणला.

खिळा कधी ओढत नाही. तो नुसता अडून राहतो. माणूस टोक धरतो तेव्हा टेपमध्ये एक बारीक थरथर येते, नाडीसारखी. आपण ओढलं की तिकडून थोडं ओढलं जातं, मग दोघं मिळून थांबतात. ज्याने हे काम केलंय त्याला हाताला कळतं.

मला कळलं. मी आकडा वाचला, लिहिला आणि गुंडाळायला लागलो. वारा असेल, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर नकाशा काढायला बसलो. तो जुळेना. आतली मापं आणि भिंतींची जाडी मिळवली की बाहेरचं माप यायला हवं. पुढची बाजू जुळत होती. बाजूचं आणि मागचं मिळून घेतलेलं माप जास्त येत होतं, बरोबर एक फूट. टेप ताणला तर बोटभर वाढेल, फूटभर नाही. खिळा सरकला असता तर फरक वेडावाकडा आला असता. मी पुन्हा पुन्हा बेरीज केली. शेवटी एक फूट वजा केला. सगळ्या रेघा जागच्या जागी येऊन मिळाल्या.

पेन्सिल खाली ठेवली. खोलीत तसं काही झालं नव्हतं. चहा निवत होता, बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. मी एवढंच केलं की खुर्ची जरा सरकवली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. खूप दिवसांनी बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला थोडं भीतीदायकही वाटलं, पण नको असं नाही वाटलं.

अहवाल पाठवला नाही. आठवडाभराने बाईंचा फोन आला.

"व्हॅल्युअर साहेब, झाला का आमचा अहवाल? का घर पळून गेलं?"

"एक माप पुन्हा घ्यावं लागेल, बाई." मग राहवलं नाही. "त्या दिवशी मागच्या बाजूला कुणी होतं का?"

"कोण असणार? का हो?"

"टेपचं टोक... कुणी धरल्यासारखं वाटलं."

पलीकडे त्या चक्क हसल्या.

"अहो, दादा! त्याला ती खोडच होती. घरात सुतार आला, गवंडी आला, की हा पुढे. द्या हो, मी धरतो टोक. आणि धरायचा कुठेही! सुतार म्हणायचा, काका, तुम्ही बसा, नाहीतर कपाट दारातून आत जायचं नाही." हसता हसता त्यांचा आवाज खाली आला. "साहेब... खरंच दादा असेल तर मला सांगाल? मग मी नाही विकणार घर. मी जाऊन राहीन तिथे."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. मला राग आला होता. त्या गृहस्थांना मी कधी पाहिलं नव्हतं. सज्जनच असणार. पण माझ्या बायकोची जागा ते घेत होते, आणि तीही एका फोनवर, हसत हसत. तो फूट माझा होता. मी स्वतःला समजावलं की दादा कुठेही धरायचे, ते नेमके एक फुटावर कशाला धरतील? पुन्हा मोजायचं. फरक वेगळा आला तर दादा. पुन्हा एकच फूट आला तर ती. आणि काहीच आला नाही तर मी एक म्हातारा होत चाललेला माणूस, ज्याने हाताखाली कुणीतरी ठेवायला हवं होतं.

त्या दिवशी ढगाळ होतं. वारा नव्हता. उतारावरून माणसांचा आवाज येईना. किल्ली देताना बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी सरळ बाजूच्या भिंतीशी गेलो आणि या वेळी खिळा ठोकलाच नाही. कडी नुसती भिंतीच्या पायाशी मातीत ठेवली. चालायला लागलो. रीळ कुरकुरत उलगडत होतं. कोपरा वळलो. मागच्या भिंतीच्या टोकाशी आलो.

टेप जमिनीवर सैल पडला होता. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग हळूच म्हणालो, "धरलंस?"

टेप जमिनीवरून उचलला गेला. ताठ झाला. हाताला ती थरथर आली.

आकडा वाचताना डोळ्यांत पाणी होतं, म्हणून दोनदा वाचला. एक फूट जास्त. नेमका.

"झालं," मी म्हणालो. "झालं गं..."

गुंडाळायला लागलो. एकट्याने टेप गुंडाळताना टोक मातीतून, दगडांतून खरडत येतं, हँडलला जड लागतं. आज हलकं लागत होतं. ही टोक कधी खाली टाकायची नाही. ते हातात धरून माझ्या दिशेने चालत यायची. मी गुंडाळत होतो आणि कोपऱ्यामागून कुणीतरी माझ्या वेगाने येत होतं. बाजूची भिंत आता संपत आली असणार. आणखी थोडं फिरवलं असतं तर...

मी हात थांबवला.

टेप सैल पडायला लागला. मी गुंडाळत नव्हतो, तरी तिकडून चालणं थांबलं नव्हतं. पिवळी पट्टी झोल घेत घेत माझ्या बुटांपाशी टेकली.

"थांब..." मी म्हणालो. "थांब जरा."

ते थांबलं. माझं ऐकलं. मला वाटतं, मी त्या क्षणी हसलोसुद्धा.

मग टेप पुन्हा ताठ झाला. कोपऱ्याच्या कडेला तो जिथे टेकला होता तिथे माझी नजर गेली. सवय, दुसरं काय. ती टोक कमरेशी धरायची. टेप तिथेच होता, कमरेच्या उंचीवर. आणि तो गिलाव्यावरून वर सरकत होता. सावकाश, अगदी थोडासा आवाज करत. माझ्या छातीएवढा झाला. मग खांद्याएवढा. मग डोक्याच्या वर गेला, मी हात उंचावला असता तरी पोचला नसता इतका वर, छज्ज्यापर्यंत. तिथे तो थांबला आणि हळूच, अगदी तिच्यासारखा, एकदा ओढला गेला.

रीळ खाली टाकायला हवं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं. पण बोटं उघडेनात... आणि दुसऱ्यांदा ओढलं गेलं तेव्हा मी एक पाऊल कोपऱ्याकडे टाकलं.