धाब्यावरची अंजिरं

गडी कुऱ्हाडीला धार लावत होता आणि मनकर्णाचा जीव कासावीस होत होता. बापूजींनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, सांगून टाकलं होतं की उद्या सकाळी अंजिराचं झाड तोडायचं. दरवर्षी फळं धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वाळत घालायची, दरवर्षी ती आंबायची, वर माश्यांचा उच्छाद. असलं झाड हवं कशाला?

ते झाड आईनं माहेराहून आणलं होतं. पैनगंगेपलीकडचं तिचं माहेर आता उरलंच नव्हतं. आईवडील गेले, घर पडलं. त्यात गेल्या दिवाळीत तो जिल्हा आंध्रात गेला आणि नदीपल्याडचा मुलूख आणखीच परका झाला! आई चुलीपुढे मुकाट रडत होती. मनकर्णाला ते पाहवेना.

ती शेजारच्या तुळजाकडे पळाली. तुळजा, तिचा भाऊ फकिरा आणि मनकर्णा, सुट्टी लागल्यापासून तिघं दिवसभर एकत्रच असत. आईनं उकळत्या पाण्यातून काढून चपटी केलेली थोडी अंजिरं मनकर्णानं गुपचूप तुळजाच्या धाब्यावर वाळत घातली होती. कापड उचललं, तर सगळी कोरडी आणि गोड!

"झाड एक, ऊन एक. मंग तुमच्याच घरची काऊन आंबते?" फकिरानं विचारलं.

"तुह्या आजाची नजर लागली असन," तुळजा म्हणाली.

मनकर्णाला हसू आलं नाही. हाताशी फक्त आजची संध्याकाळ होती.

दिवस कलताच तिघं तुळजाच्या धाब्यावर दबा धरून बसली. समोर मनकर्णाच्या धाब्यावर बापूजी चढले, मागोमाग बादल्या घेऊन गडी. रात्री पुरुषमंडळी तिथे निजत, म्हणून तापलेल्या मातीवर पाणी शिंपडलं गेलं. वाफ उठली, आणि कोपऱ्यातल्या अंजिरांच्या टोपलीखालची मातीही चिंब झाली! सासरे वर असताना सून वर जात नसे, त्यामुळे आईला हे कधी दिसलंच नव्हतं.

मनकर्णानं धावत जाऊन सांगितलं, की या ओलीनंच अंजिरं आंबतात. बापूजी चिडले. पाणी खाली शिंपडतो, टोपलीत थेंबही जात नाही, असं त्यांनी ठणकावलं.

मग मुलांनी युक्ती केली. फकिरानं घरून कडक वाळलेला, ओल लागली की लगेच मऊ पडणारा पापड आणला. तुळजानं टोपली रिकामी करून तो आत ठेवला आणि वरून कापड झाकलं. मनकर्णा टोपलीशेजारीच बसली. पापड कडकच राहिला तर?

जरा वेळानं तिनं तो काढला. "बापूजी, तुमीच मोडून पाहा."

बापूजींनी पापड दुमडला. तो मोडला नाही, चिंधीसारखा लवला. त्यांनी टोपलीखालच्या मातीवर तळवा टेकवून पाहिला. मग त्यांनी कुऱ्हाड उचलून ठेवायला सांगितली.

"घरात शहाणी एकच निघाली," ते म्हणाले, "अन् दोघं शेजारचे!"

ते खाली उतरले. सुनेशी समोरासमोर बोलायचा घरात रिवाज नव्हता, निरोप नातीकडून जात. आज मात्र ते स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले.

"सूनबाई, चूक माही होती. तुह्या माहेरचं झाड राहीन."

पदराआड आईला हुंदका फुटला, आणि बापूजी तिथेच उंबऱ्याशी बसून राहिले.