तिसऱ्या अक्षरावरचा आघात

मेंदूविकार संशोधनशाळेत डॉ. वैजयंती केंभावी सकाळपासून एकच अहवाल पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्यावर सही करून त्यांनी आपल्या गुरूंच्या, शल्यविशारद डॉ. उकिडव्यांच्या, हातातली सुरी काढून घेतली होती. ज्यांनी घडवलं त्यांनाच घरी बसवलं, ही टोचणी त्यांना जेवू देत नव्हती.

"मॅडम, चाचणी नेमकी काय आहे?" नुकताच रुजू झालेला ध्वनितज्ज्ञ तौफिक मुजावर विचारत होता.

"इंग्रजीतला एक दुर्मिळ शब्द. बोर्बोरिग्मस, म्हणजे पोटातली गुडगुड. बोर-बो-रिग-मस, चार अक्षरं, आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, तिसऱ्यावर. एरवी तो कुणाच्या कानावर पडत नाही. त्यामुळे पहिल्यांदा आमच्याकडून ऐकला, तसाच मेंदूत राहतो. दरवर्षी म्हणवून घ्यायचा. आघात सरकला, की स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली समजायचं."

"पडद्यावर वाचून म्हणायचा ना?"

"नियम तसाच आहे. पण वयस्कर माणसं वाचताना अडखळतात, ओशाळतात. म्हणून आधी मी म्हणते, मग ते माझ्यामागून म्हणतात. शाळेतल्यासारखं."

तौफिकचा चेहरा उतरला. त्याने उकिडव्यांचं ध्वनिमुद्रण आघातमापकावर लावलं. आधी वैजयंतींचा आवाज आला. आकडा उमटला: एक. मग सरांचा. एक. यंदा स्मृतिभ्रंश ठरवलेल्या अकराही रुग्णांच्या चाचणीत तेच निघालं. त्याआधीच्या वर्षी मात्र सगळीकडे, वैजयंतींच्याही आवाजात, तीन.

"ते आठवून म्हणतच नव्हते, मॅडम. तुमचं ऐकून म्हणत होते."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि तीही अकरा वेळा. वैजयंतींनी ध्वनिग्राहक पुढे ओढला. "माझी चाचणी घे. तू आधी काही म्हणू नकोस."

त्यांनी शब्द सावकाश उच्चारला. आघात तिसऱ्यावरच पडला, असं त्यांच्या कानांनी त्यांना ठामपणे सांगितलं. आकडा उमटला: एक.

मग त्यांनी फोन लावला.

"सर, तुम्हाला काहीही झालेलं नाही. उद्यापासून कामावर या. माझ्यामुळे तुमचे सहा महिने गेले. मला क्षमा करा."

"अगं, वैजू," पलीकडचा आवाज आनंदाने थरथरला, "म्हणजे तुझं यंत्रच बिघडलं होतं तर."

"नाही, सर," त्या म्हणाल्या. "यंत्र ठीक आहे."