केसरीनाथच्या अकरा बाटल्या

दिवा जरा मोठा करा, सांगते.

एकोणीसशे शहात्तरचा जानेवारी होता. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुलांसाठी आमचं समुद्र-प्रदर्शन सुरू व्हायचं होतं, आणि मी संध्याकाळी काचेच्या टाकीत पाणी भरायला गेले होते. एवढंच काम होतं.

भिवंडीत खाडीच्या काठाला आमच्या संस्थेची एक खोली होती. पूर्वी तिथं मिठाच्या गोण्या ठेवत, त्यामुळे भिंती कायम ओलसर. देणगीवर चालणारी लहानशी संस्था. खाडीचं पाणी तपासायचं, मासे मोजायचे, आणि शाळाशाळांतून मुलांना दाखवायचं, की हा निवटा, चिखलावर सरपटणारा मासा, ही चिंबोरी, खाडीतला खेकडा, हिची अंडी बघा. मी प्राणिशास्त्र शिकलेली, सव्वीस वर्षांची. शिकवायचं काम माझं, आणि खाडीतून नमुने आणायचं काम केसरीनाथचं.

केसरीनाथ खाडीवरचाच. बापजाद्यांची होडी होती, पण मासळी संपली तशी होडी काठावर उलटी पडली आणि तो आमच्याकडे कामाला लागला. अक्षर वेडंवाकडं, तरी प्रत्येक बाटलीवर तारीख आणि भरती की ओहोटी, हे तो स्वतः लिहायचा. दुसऱ्या कुणाला लिहू द्यायचा नाही.

आदल्या पावसाळ्यानंतर त्यानं अकरा दिवसांत अकरा बाटल्या भरल्या. सगळ्या एकाच जागेवरच्या. कापड रंगवायच्या एका कारखान्याचा नळ खाडीत सुटायचा, त्याच्या तोंडाशी. एक बाटली निळी, एक जांभळी, एक काळपट. झाकण उघडलं की डोळ्यांना पाणी यायचं. चौकशीला सरकारी साहेब येणार होते.

कारखाना दौलतशेठचा. आणि दौलतशेठच आमच्या संस्थेचे भिवंडीतले अध्यक्ष.

साहेब यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. चहा पाजला. म्हणाले, "बाई, नवी प्रयोगशाळा बांधायचीय ना आपल्याला? नकाशा तयार आहे. आता ह्या बाटल्यांचं काय ते तुम्हीच बघा."

मी समजले. न समजल्यासारखं करता आलं असतं, पण मी समजले. घरी जायच्या आधी अकराही बाटल्या मोरीत ओतल्या, विसळल्या, विहिरीचं पाणी भरून त्यात चिमूटचिमूट मीठ टाकलं. चिठ्ठ्यांना हात लावला नाही. अक्षर त्याचंच राहिलं.

साहेबांनी बाटल्या उजेडात धरल्या. पाणी नितळ. जमलेली माणसं हसली. दौलतशेठ म्हणाले, "हा माणूस विहिरीवरनं बाटल्या भरून आणतो आणि पगार खातो." केसरीनाथ त्यांच्याकडे बघत नव्हता. त्यानं एक बाटली उचलली, वास घेतला, चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत राहिले.

त्याच दुपारी ओहोटीला तो आणखी एक बाटली घेऊन नळाच्या तोंडाशी गेला. चिखल तिथं कमरेएवढा. तो आत रुतलेला असताना कारखान्यातून नळाला रंगाचं पाणी सोडलं. कुणी सोडायला सांगितलं ते गावात सगळे जाणत होते, बोलत कुणी नव्हतं. संध्याकाळच्या भरतीनं त्याला काठावर आणलं. केसांपर्यंत निळा. त्याची बायको मैना दोन तास त्याला धूत होती. रंग गेला नाही. तसाच निळा जाळला त्याला.

त्याला तीन महिने झाले होते, त्या संध्याकाळची ही गोष्ट.

टाकीसाठी आम्ही वसईच्या पलीकडून समुद्राचं स्वच्छ पाणी पिंपांतून मागवलं होतं. खाडीच्या पाण्यात निवटे तासभरसुद्धा जगत नव्हते. आमचा म्हातारा रखवालदार दामू पिंपं ठेवून बिडी आणायला गेला. मी बादलीनं टाकी भरत होते. बाहेर कापडाचे लूम, यंत्रमाग, चालू होते. भिवंडीत तो आवाज कानाला इतका सवयीचा, की ऐकूच येत नाही.

आणि वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले.

तशी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. मी कंदील लावून टाकीजवळ ठेवला. निवटे खालच्या वाळूवर होते. बघता बघता एकेक करून ते मधल्या दगडावर चढले आणि पाण्याबाहेर बसले. मग वास आला. रंगाच्या उकळत्या कढईचा, घशात टोचणारा.

टाकीच्या पलीकडे कुणीतरी उकिडवं बसलेलं होतं. पाण्यातून दिसत होतं, हलत्या उजेडात. केसरीनाथ काच पुसायला असाच बसायचा. मी मान उंच करून टाकीच्या वरून पाहिलं. भिंत होती, बाकी काही नाही. पुन्हा पाण्यातून पाहिलं… तो होता. आता तोंड काचेच्या अगदी जवळ.

"बाई…"

आवाज पाण्याखालून यावा तसा.

"माज्या बाटल्या कुठं हायत?"

मला वाटतं मी म्हणाले, "मोरीत… मोरीत ओतल्या."

"कोनी सांगितलं?"

"दौलतशेठनं."

निवट्यांचे डोळे माझ्यावर होते.

"आनि वतल्या कोनी?"

मी सांगू शकले असते. तोंड उघडलंही होतं त्यासाठी.

"दामूनं," मी म्हणाले.

टाकीतलं पाणी स्थिर झालं. पलीकडे ओली भिंत दिसायला लागली. वीज आली आणि सगळे लूम एकदम सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उद्घाटन. चाळीस मुलं टाकीभोवती दाटून बसलेली. दौलतशेठनी हार घातला, फीत कापली. "मुलांनो," ते म्हणाले, "ही खाडी म्हणजे आपली आई…" आणि ते खोकले. रुमाल तोंडाला लावला. रुमाल निळा झाला. पुन्हा खोकले, आणि तोंडातून, नाकातून निळं पाणी यायला लागलं. घोटभर नाही हो, बादलीनं ओतावं तसं. त्यात चिखल होता. कपडे कोरडे ठणठणीत, पायांखालची फरशी कोरडी, आणि माणूस भर उजेडात, उभ्या जागी बुडत होता. शेवटी गुडघ्यांवर आले. नजर टाकीवर होती. डॉक्टर धावत आले तोवर सगळं संपलं होतं. छातीत खाडीचा गाळ सापडला, असं डॉक्टर नंतर हळूच म्हणाले. कागदावर त्यांनी हृदयविकार लिहिला.

मुलांना बाहेर काढताना मी दामूला शोधत होते. तो दाराशी उभा होता, धडधाकट. दौलतशेठच्या तेराव्यापर्यंत मी रोज त्याच्याकडे बघायचे. त्याला काहीही झालं नाही. अखेर मीच विचारलं, "दामू, केसरीनाथ… तुला कधी दिसला?"

तो दचकला नाही. "आलता की. परदर्शनाच्या चार दिस आदी. बाटल्या कोनी वतल्या, इचारीत व्हता."

"मग?"

"मी बगितलं व्हतं बाई, तुमाला मोरीवर. सांगितलं त्याला." त्यानं खाली पाहिलं. "तो म्हनला, मना म्हाईत हाय. पन बाईंच्या तोंडून ऐकाचं हाय."

त्या रात्री मी सगळं लिहून काढलं. चार कागद, सही, तारीख. चौकशीच्या साहेबांना रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पत्र मिळालं, परंतु आतले चारही कागद कोरे असल्यानं पुन्हा लिहावं. मी पुन्हा लिहिलं. सात वेळा लिहिलं. सातही वेळा तेच उत्तर.

मग फौजदारांना जाऊन सांगितलं. त्यांनी दोन तास ऐकलं, दरडावलं, उद्या जबाब द्यायला या म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेले तर उभं राहून विचारतात, "बसा बाई, काय काम काढलंत?"

शेवटी मैनाकडे गेले. तिच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं. तिनं माझे केस धरून मला उंबऱ्याबाहेर काढलं, दगड मारला. हे बघा, कपाळावर खूण आहे. मला बरं वाटलं. खरंच सांगते, त्या दगडानं मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात ती समोरून आली. हसली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "बाई, ह्ये कपाळाला काय लागलं? चला घरी, चा घ्या. त्याच्याशी तुमीच एकल्या नीट वागल्या."

मी वज्रेश्वरीला येऊन राहिले त्याला वर्षं झाली. इथं आलेल्या, थांबलेल्या, ऐकून घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. तुम्ही चौदावे. तुम्ही माझ्याकडे आता ज्या नजरेनं बघताय, तसंच बघा, पहाटेपर्यंत बघा, झोपू नका.

कारण सकाळी उठलात, की मी चहा आणीन, आणि तुम्ही म्हणाल, "बाई, रात्री तुम्ही काहीतरी सांगणार होतात ना?"