लेथ उतरवताना

"माझ्या झिलान बापाशीक मारल्यान काय, तेवढाच सांगा," राधाबाई म्हणाल्या. "हो असलं तरी चालेल. पण सांगा."

लतिका दळवीने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. दादरच्या तिच्या डिटेक्टिव्ह ऑफिसात लोक यायचे ते लग्नाआधी मुलाची चौकशी करायला. मुलावर खुनाचा संशय घेऊन त्याची आईच येईल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर राजरत्न पवार कान देऊन बसला होता. तो लतिकाचा शाळेपासूनचा मित्र, नायगावच्या बीडीडी चाळीतला. विमा कंपनीतून लवकर निवृत्त झाला आणि इथे चिकटला. पायपिटीची कामं आपली, डोक्याची तिची, असं तो स्वतःच सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

राधाबाईंनी हकिगत सांगितली. त्यांचे यजमान गुणाजी परब. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एक लेथ मशीन घेतलं आणि लालबागला रघुवीर नेरूरकरच्या गाळ्यात, माळ्यावर टाकलं. संसार त्यावरच चालला. आता ती जागा पाडणार होते, म्हणून लेथ खाली उतरवायचं होतं. माळ्याच्या जमिनीत एक चौकोनी झडप आहे, तिच्यातून. मुलगा विकास वरून मशीन सोडत होता, गुणाजी खालून दिशा देत होते. लेथ अर्ध्यावरून सुटलं आणि गुणाजींच्या अंगावर आलं.

"पोलिसांना विकासने सांगितलं, वजन उचलायच्या चेनब्लॉकची साखळी हातातून सुटली. हलगर्जीपणाची केस झाली. पण चाळीत लोक वेगळंच बोलतात. तासभर आधी बापलेकांचं जोरात भांडण झालेलं म्हणे."

"तुम्ही होतात तिथे?"

"मी कुठली? त्याच सकाळी मालवणहून आलेले, भावाकडून. दगडू माझा भाऊ, होडी आहे त्याची. सोबतची गोणी इतकी जड, की एसटीचा कंडक्टर कुडाळपर्यंत बडबडत होता. विकास परळ स्टँडवर आला, गोणी खांद्यावर घेतली, मला चाळीपाशी सोडलं आणि तसाच गाळ्यावर गेला."

"नारळ आणि उकडे तांदूळ," राजरत्न मान डोलावत म्हणाला. त्याची आजीही कोकणातली होती.

राधाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पदराने डोळे पुसत होत्या.

"विकास स्वतः काय म्हणतो?"

"म्हणतो, आई, मीच मारलं. वर बघत नाही, जेवत नाही. एकाच खोलीत राहतो आम्ही, बाई. रात्री तो तिकडे तोंड करून झोपतो आणि मी त्याच्या पाठीकडे बघत पडते."

*

रघुवीर नेरूरकर बोलका माणूस होता, पण गाळ्यात शिरल्यापासून त्याचं बोलणं जरा जास्तच झालं. त्याने आपणहून वर बोट दाखवलं. झडपेच्या वर छताला लोखंडी गर्डर होता आणि त्याला चेनब्लॉक टांगलेला होता. एक जाड साखळी आकड्याची, एक बारीक साखळी हाताने ओढायची.

"दोन टनी आहे, माझाच. लेथ अर्ध्या टनाचं. म्हणजे सामान योग्यच दिलं होतं मी. एकाने घाटकोपरला नेला होता, पण वेळेवर परत आला."

"वेळेवर म्हणजे कधी?" लतिकाने विचारलं.

"त्याच दिवशी. म्हणजे सकाळी."

"भांडण ऐकलंत तुम्ही?"

"मी दारात चहा पीत होतो. विकास ओरडत होता, बाबा, हे करू नका म्हणून. गुणाजी म्हणाला, हो म्हणून बसलोय, आता तोंड कसं फिरवू?"

"हो कुणाला म्हणाले होते?"

"मला काय माहीत? बिल्डरला असेल."

लतिका शिडीने माळ्यावर गेली. झडपेजवळ एक सागवानी खांब होता. कमरेच्या उंचीवर त्याला चार ठिकाणी लांबीचा ताजा लगदा भरलेला दिसत होता, चौकोनाच्या चार कोपऱ्यांसारखा. तिने नखाने एक ठिपका टोकरून पाहिला. आत भोक होतं.

"माणूस नीटनेटका दिसतो," मागून राजरत्न म्हणाला.

"फारच. जागा पुढच्या महिन्यात पाडणार आहेत ना?"

"हो. का?"

लतिका प्रश्न तसाच टाकून शिडी उतरू लागली. ही तिची जुनी खोड होती आणि राजरत्नला ती तितक्याच जुन्या काळापासून सहन होत नव्हती.

*

विकास खोलीत एकटा होता. पंचविशीचा, अंगाने मजबूत, पण बसला होता म्हाताऱ्यासारखा. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"हात कसा मोडला?"

"पडलो."

"कुठे?"

"तिथेच. धावत खाली येताना."

"डावा तळहात दाखव." त्याने दाखवला. कातडी शाबूत होती. "उजवा?" प्लास्टरमधून बोटं आणि तळव्याचा भाग बाहेर होता. तोही शाबूत होता.

"साखळी सुटली की सोडलीस?" राजरत्नने विचारलं.

"सुटली. जबाबात आहे तसं." मग तो लतिकाकडे वळला. "मॅडम, आईने तुम्हाला कशाला आणलं? तिला सांगा ना, मीच केलं म्हणून."

"मुद्दाम?"

"तिला काय वाटायचं ते वाटू द्या. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण तुम्ही यात पडू नका."

जिन्यात राजरत्न कपाळाला हात लावून म्हणाला, "अगं, कबूलच करतोय तो. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या बाईला काय सांगायचं?"

"की तो खोटं बोलतोय," लतिका म्हणाली. "आणि खोटं बोलता येत नाही त्याला."

तिला बरं वाटलं होतं. एका आईला तिचा मुलगा परत देता येणार, हे तिच्या धंद्यात रोज घडत नाही. तिथेच तिने थांबायला हवं होतं, पण अर्धं सांगून थांबणं तिला जमत नसे.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे गाळ्यात जमले. राधाबाईंना स्टुलावर बसवलं होतं. विकास दाराशी उभा होता. लतिकाने रघुवीरला सांगून भंगार लोखंडाने भरलेलं पिंप चेनब्लॉकच्या आकड्याला अडकवलं.

"राजरत्न, वर ओढ."

कटकट आवाज करत पिंप छातीइतकं वर आलं.

"आता साखळी सोडून दे."

"अगं, पडेल ते."

"सोड."

राजरत्नने साखळी सोडली आणि तीन पावलं मागे उडी मारली. पिंप जागच्या जागी लटकत राहिलं.

"चेनब्लॉकचा ब्रेक आतच असतो," लतिका म्हणाली. "हात सुटला तर वजन थांबतं. खाली उतरवायलासुद्धा साखळी ओढावी लागते. ब्लॉक शाबूत आहे, आत्ता तुम्ही पाहिलंत. म्हणजे त्या दिवशी लेथ याला नव्हतंच."

रघुवीरने घाम पुसला.

"साखळी हातातून पळाली असती, तर तळहात सोलला असता. विकासचे तळहात स्वच्छ आहेत, आणि हाड मोडलंय. हाड मोडतं ते उलट्या फिरणाऱ्या हँडलने. हँडल असतं विंचला, दोर गुंडाळायच्या मशीनला. ती खांबाला चार बोल्टनी बसवतात. खांबाला चार भोकं आहेत. पाडायच्या घरातल्या खांबाला लांबी कुणी हौसेने भरत नाही, नेरूरकर."

"पण विंचसुद्धा वजनाचीच ना?" राजरत्नने विचारलं. "एवढं धरणार नाही?"

"एक टन ओढणारी असेल. पण ओढणं वेगळं. हँडल फिरवलं की दोर गुंडाळला जातो आणि खटका चाकाच्या दातात पडतो, म्हणून माल मागे येत नाही. उतरवायचं झालं की तो खटका वर करावा लागतो. मग सगळा भार माणसाच्या हातावर. अशी विंच किनाऱ्यावर असते. होडी वाळूतून वर ओढायला. पाण्यात जाताना होडीला माणसं ढकलतात, त्यामुळे तिचा दोष तिथे कधी दिसतच नाही."

राजरत्नच्या डोक्यातून गोणीतले नारळ आणि तांदूळ एकदमच उतरले.

"नेरूरकर, तुमचा ब्लॉक वेळेवर आला नव्हता. तुम्हाला गाळा रिकामा हवा होता. तुमच्या घाईला गुणाजी हो म्हणाले आणि मिळेल ती मशीन लावली. नंतर तुम्ही ती काढून ब्लॉक टांगलात."

"टांगला मी. घाटकोपरचा माणूस अपघातानंतर लगेच घेऊन आला, पोलीस यायच्या आत," रघुवीर म्हणाला. "विंच भंगारात दिली, तीही मीच. पण घाई नव्हती केली, मॅडम, देवाशपथ. मी दोन दिवस थांब म्हणालो होतो. ब्लॉक बदलायला विकासने सांगितलं. बाप तसा पडलेला, हात मोडलेला, आणि हा म्हणतो, काका, ही मशीन इथे दिसता कामा नये. मला तर सुंठीवाचून खोकला गेला, ब्लॉक वेळेवर न दिल्याचं बालंट टळलं. मी का म्हणून विचारलं नाही."

"का, विकास?" लतिकाने विचारलं. विचारताक्षणीच तिला उत्तर कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता.

"मॅडम, बस करा," विकास म्हणाला. "पाया पडतो."

राधाबाई स्टुलावरून उठल्या होत्या. "तू म्हणालास, मी आणलेली मामाची मशीन वापरली नाही. परत पाठवली म्हणालास."

"आई, घरी चल."

"ते नको म्हणत होते," राधाबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "फोनवर. ओढूची येगळी आणि उचलूची येगळी, म्हणाले. थांबूया, ब्लॉक येऊ दे. मी म्हटलंय, धा माणसांक हलना नाय ती होडी माझो भाव एकटो ओढता. माझ्या म्हायारची म्हणान नको काय तुमका?" त्या थांबल्या. "मगे हो म्हणाले."

लतिकाने राधाबाईंच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे केला आणि तसाच मागे घेतला. एवढ्या वर्षांत तिला स्वतःच्या हुशारीची अशी किळस आली नव्हती.

"तसं काही नाही, आई," विकास म्हणाला. तो जवळ येऊन खाली बसला आणि चांगल्या हाताने त्याने तिचे पाय धरले. "मशीन चांगली होती. माझं लक्ष नव्हतं. माझा हात सुटला. ऐक ना, आई, माझाच हात सुटला."

राधाबाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. "होय रे बाबा," त्या म्हणाल्या. पण त्याच्यावर आता त्यांचा विश्वास राहिला नव्हता, आणि ते त्यालाही कळत होतं. तरी तो तेच सांगत राहिला.