एकोणसत्तर ठोके

सिस्टर सायली रणपिसे यांच्या हातगुणाबद्दल जालन्यात दुमत नव्हतं. सातव्या महिन्यात जन्मलेलं, तळहातावर मावेल एवढं पोर कितीही किंचाळू दे, सिस्टरनी उराशी धरलं की दोन मिनिटांत गप्प. सिस्टरनाही ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, त्याचा त्यांना थोडा ताठाही होता. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. चार वेळा दिवस गेले, चारही वेळा पदरात काही पडलं नाही. दुसऱ्यांची बाळं छातीशी धरताना, ह्यातलं एक तरी माझं असतं, असं त्यांना रोज वाटायचं. निवृत्तीला सात महिने उरले होते, तरी वाटायचं.

म्हणून पुण्याहून डॉ. शार्दूल बोराडे रुग्णालयातल्या यंत्रांच्या तपासणीला आले, तेव्हा सिस्टर वैतागल्या.

“चोवीस वर्षं झाली तुमच्या कुशीयंत्राला. पोरं जगताहेत ना? मग आता हे काय काढलंत?”

“जगताहेत, सिस्टर. पण सात नंबरचं बाळ आईकडे जात नाही, त्याचं काय?”

सात नंबरची मुलगी ओवीची. एकतिसाव्या आठवड्यात जन्मली, कुशीयंत्रात पाच आठवडे छान वाढली. पण ओवीच्या छातीवर ठेवली की तिचा श्वास अडखळायचा, ओठ निळे पडायचे. चारदा करून पाहिलं, चारदा तेच. आईच्या छातीवर श्वास टिकल्याशिवाय घरी सोडता येत नव्हतं, आणि रडून रडून ओवीचं दूध आटत चाललं होतं. “तिला मी नकोशी आहे का हो?” असं तिनं काल सिस्टरना विचारलं होतं.

कुशीयंत्र बोराडे यांनीच तरुणपणी बनवलं होतं. “अपुऱ्या दिवसांचं बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवलं की तगतं, हे जुनं शास्त्र,” ते म्हणाले.

“ते मला शिकवू नका. पुढचं बोला.”

“आई रात्रंदिवस पडून राहू शकत नाही. म्हणून आपण तिच्या छातीवर अर्धा तास श्रवणचादर पांघरतो. चादर तिचे ठोके आणि श्वास टिपते. ही तिची उरछाप. यंत्रातली गादी मग त्याच लयीत हलत राहते. या आठवड्यांत बाळाचा मेंदू एकच लय घर म्हणून पक्की करतो. पुढे माणसाला त्यातलं काही आठवत नाही, पण शरीर विसरत नाही.”

“मग? ओवीची चादर मी स्वतः घातली होती.”

“ओवीचे ठोके त्या दिवशी मिनिटाला एकशे दहा होते. तिच्या बाळाच्या यंत्रात एकोणसत्तर आहेत.” बोराडे यांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “मी जुन्या सगळ्या उरछापा काढल्या. जवळजवळ प्रत्येकीत एकोणसत्तर. आणि अधूनमधून एक ठोका चुकतो.”

सिस्टरचा हात आपसूक स्वतःच्या मनगटाकडे गेला. ठोका चुकतो, पण घाबरण्यासारखं नाही, असं त्यांना डॉक्टरांनी ऐन तिशीत सांगितलं होतं.

“चादर घालण्याआधी तुम्ही काय करता?” बोराडे यांनी हळूच विचारलं.

“काय करणार? चादर असते बर्फासारखी गार. ओल्या बाळंतिणीच्या उरावर गार लावायचं असतं का? दहा मिनिटं पदराआड माझ्या छातीशी धरते, मग तिला घालते. हाताखालच्या पोरींना हे करू देत नाही मी, त्या घाई करतात.”

“ऊब लागली की चादर ऐकायला लागते, सिस्टर. आणि ऐकलेल्यातला सर्वांत शांत तुकडा निवड, असं मीच यंत्राला शिकवून ठेवलंय. माझीही अक्कल बघा! नव्या बाळंतिणीचं काळीज शांत कुठून असणार? त्यानं दर वेळी तुम्हाला निवडलं.”

“किती बाळं?”

“तीन हजारांच्या वर.”

सिस्टर खाली बसल्या. अगंबाई, हे काय करून ठेवलं आपण! तीन हजार बायकांच्या हक्काचं आपण घेतलं, या विचारानं त्यांना घाम फुटला. आणि त्याच वेळी आत कुठेतरी आनंदही झाला, त्याची त्यांना भयंकर लाज वाटली. बरीचशी पोरं पुढे घरी रुळली असतील, ओवीचे ठोके फारच जलद म्हणून तिचं बाळ अडलं, असं बोराडे सांगत होते. ओवीच्या बाळाची लय हळूहळू बदलायची तर तीन आठवडे हवेत, असंही म्हणाले. तोवर ओवीचं दूध टिकणार नव्हतं.

त्या उठल्या आणि तडक ओवीकडे गेल्या. ओवी उशीत तोंड खुपसून हुंदके देत होती. तिची आई मृण्मयीताई डिंकाचा लाडू घेऊन शेजारी बसली होती. “सकाळपासून घास नाही तोंडात. तुम्ही तरी सांगा हिला.”

सिस्टरनी ओवीला नुसतं जवळ घेतलं. तिचं डोकं त्यांच्या छातीवर टेकलं आणि हुंदके थांबले. खांदे सैल पडले. भिंतीवरच्या फलकावर ओवीचे ठोके एकशे बारा होते, ते शहाण्णव झाले, मग ऐंशी, मग बहात्तर.

दारातून बोराडे ते बघत होते. “बाळ आणा,” ते म्हणाले.

सिस्टरला टेकलेल्या ओवीच्या छातीवर बाळ ठेवलं. श्वास अडखळला नाही. थोड्या वेळानं बाळानं तोंड उघडलं, शोधलं आणि दूध ओढू लागलं. ओवी हसत रडली, रडत हसली, आणि त्याच अवस्थेत तिचा डोळा लागला.

“हिचा जन्म कुठला?” बोराडे यांनी विचारलं.

“इथलाच की!” मृण्मयीताई म्हणाली. “हीसुद्धा सातव्यातलीच. यंत्र तेव्हा नवीन आलं होतं.” मग लेकीकडे बघत ती बोलत राहिली. “नशीब बघा सिस्टर, मला नाही कधी अशी बिलगली. तान्ही असताना मी घेतलं की रडायची, खाली ठेवलं की गप्प. सासूबाई म्हणायच्या, तुझ्या उरातच माया नाही. मला ते खरं वाटलं. म्हणून दुसरं होऊच दिलं नाही मी.”

बोराडे यांनी सिस्टरकडे बघून मान हलवली. सांगू नका, असा त्याचा अर्थ होता.

न सांगता भागलं असतं. ही पोर येत राहिली असती, दर दिवाळीला, लेकीला घेऊन. सिस्टरनी जन्मभर जे मागितलं होतं ते या क्षणी त्यांच्या खांद्यावर झोपलं होतं, आणि ते सोडावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

“ताई,” त्या म्हणाल्या, “तुमच्या उरात काही कमी नव्हतं. चूक माझी आहे.” आणि चादरीची सगळी हकीकत त्यांनी सांगून टाकली.

मृण्मयीताईनं ऐकून घेतलं. शिव्या देईल असं वाटलं, पण ती नुसती उभी राहिली. “सरका जरा,” म्हणाली. सिस्टर बाजूला झाल्या. तिनं लेकीचं डोकं अलगद स्वतःच्या छातीशी धरलं आणि डोळे मिटले.

ओवी झोपेतच चुळबुळली. फलकावर बहात्तरचे ऐंशी झाले, मग एक्क्याण्णव. बाळाचा श्वास अडखळला.

मृण्मयीताईनं डोळे उघडून आकडा बघितला. मग स्वतःच्याच हातांनी लेकीचं डोकं उचलून परत सिस्टरच्या छातीवर ठेवलं.

“राहू द्या तुमच्याकडेच,” ती म्हणाली. “बाळाचं पोट भरू दे आधी. मी इथं बसते.”

सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, पण ओवी जागी होईल म्हणून त्यांनी ते पुसलं नाही. मृण्मयीताई खाटेच्या पायथ्याशी बसली. पांघरुणाखालून हात घालून तिनं लेकीचं पाऊल धरलं आणि फलकाकडे बघत राहिली. बहात्तर होते. ओवीनं पाय काढून घेतला नाही.